मुलांसाठीचे वैद्यकशास्त्राचे उन्हाळी शिबिर: पाठवण्यापूर्वी काय तपासावे?

प्रश्न (अकरा वर्षांच्या मुलीची आई)

नमस्कार. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. खरचटले तर खपली कशी धरते हे ती रोज न्याहाळते, आणि घरात कुणाचा रक्तदाब मोजला जात असेल, तर यंत्रावरचे ते दोन आकडे कशाचे, हे विचारल्याशिवाय तिला चैन पडत नाही. येत्या सुट्टीत मुलांसाठी भरणाऱ्या वैद्यकशास्त्राच्या शिबिरात जाण्याचा तिने हट्ट धरला आहे. सर्व काही प्रत्यक्ष हाताळून शिकवले जाईल, असे आयोजकांनी कळवले आहे. कार्यक्रमपत्रिकेत मेंढीच्या हृदयाचे विच्छेदन, टाके घालण्याचा सराव, हाताला प्लास्टर घालणे, स्वतःचा रक्तगट तपासणे, सीपीआर (हृदय थांबलेल्या व्यक्तीची छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवणे), रुग्णालयाला भेट आणि शेवटी पांढरा कोट घालून प्रमाणपत्र स्वीकारणे, असा भरगच्च बेत दिसतो.

माझ्या दोन शंका आहेत. पहिली अशी की, यातून मुलांना खरोखर काही कळते, की डॉक्टर झाल्याचा आनंद देऊन त्यांना घरी पाठवले जाते? दुसरी शंका सुरक्षिततेची आहे. यांतले कोणते उपक्रम या वयाला योग्य आहेत आणि कोणत्या उपक्रमांना मी संमतिपत्रात नकार द्यावा? तिच्या कुतूहलावर विरजण पडावे अशी माझी इच्छा नाही, परंतु न समजता सही करण्याचीही तयारी नाही. या क्षेत्रातील जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (शरीररचनाशास्त्राचे अध्यापक)

नमस्कार. आपल्या पहिल्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिचे उत्तर मिळाले की दुसरीचे उत्तर शोधणे सोपे जाते.

हाताने करून शिकण्याची रीत वैद्यकात फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय ‘योग्यासूत्रीय’ या नावाचा आहे. शिष्याने सगळे शास्त्र पढून घेतले असले, तरी हाताला सराव नसेल तर तो शस्त्रकर्माला योग्य ठरत नाही, असे तेथे सांगितले आहे आणि कोणता सराव कशावर करावा याची यादी दिली आहे. छेदनासाठी कोहळा, दुधी, काकडी यांसारखी फळे, शीर उघडण्यासाठी मेलेल्या जनावराची शीर किंवा कमळाचा देठ, शिवण्यासाठी जाड कापड किंवा मऊ कातडे आणि पट्ट्या बांधण्यासाठी माणसाच्या आकाराचा पुतळा. ही निवड लक्षपूर्वक पाहावी. प्रत्येक कामासाठी शरीराचा तो एक गुण ज्यात सापडेल अशीच वस्तू घेतलेली आहे. मुलांच्या शिबिरातील प्रत्येक उपक्रमालाही माझ्या मते हाच निकष लावावा. हातात दिलेली वस्तू शरीराचा कोणता गुण दाखवते, आणि तो मुलाला स्वतःच्या हाताने कळतो की कुणीतरी तोंडाने सांगावा लागतो?

मेंढीच्या हृदयाचे विच्छेदन या निकषावर चांगले उतरते, मात्र ते घाईने केले नाही तरच. कात्री लावण्यापूर्वी हृदय हातात घेऊन दोन्ही बाजू चिमटीत दाबायला सांगावे. उजवी बाजू सहज दबते आणि डावी बाजू घट्ट लागते. हा फरक कशामुळे असेल, असे विचारून शिक्षकाने गप्प राहावे. उजवा निलय, म्हणजे हृदयाचा खालचा उजवा कप्पा, रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच ढकलतो, तर डाव्या निलयाला ते डोक्यापासून तळपायापर्यंत पोहोचवायचे असते, हे अकरा वर्षांची मुले थोड्या चर्चेनंतर स्वतः सांगतात. त्यानंतर हृदय उघडले की डाव्या निलयाची भिंत उजवीच्या सुमारे तिप्पट जाड दिसते आणि आधी मांडलेला तर्क डोळ्यांसमोर पडताळता येतो.

याहून सुंदर प्रयोग पाण्याचा आहे. डावा निलय उघडा ठेवून महाधमनीच्या, म्हणजे त्यातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, तोंडातून हळूहळू पाणी ओतले, की तळाशी असलेल्या खिशांच्या आकाराच्या तीन पडद्या फुगतात, एकमेकींना भिडतात आणि पाणी खाली जायचे थांबते. मुलांनी निलयाच्या बाजूने पाहिले तर मिटलेल्या झडपेची तीन टोकांची चांदणी त्यांना स्पष्ट दिसते. थोड्या वेळाने पाण्याची पातळी किंचित उतरू लागते आणि झडप गळते आहे असे मुलांना वाटते. तेव्हा झडपेच्या लगेच वर, महाधमनीच्या भिंतीत असलेली दोन बारीक छिद्रे त्यांना शोधायला लावावीत. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूंना रक्त पुरवणाऱ्या धमन्या तेथूनच निघतात. हृदयविकाराचा झटका म्हणजे काय, हे समजावण्यासाठी यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

आयोजकांना विचारण्याचा एक साधा प्रश्न यातूनच निघतो. हृदय आणताना महाधमनीचा पुरेसा लांब तुकडा राखून आणता का? मांसासाठी विकली जाणारी हृदये बहुधा वाहिन्या छाटून आणि तपासणीसाठी आधीच चिरून आलेली असतात, आणि अशा हृदयावर हा प्रयोग होत नाही. ज्यांनी हे आधी करून पाहिले आहे ते लगेच उत्तर देतील.

अवयव ताजे किंवा गोठवून वितळवलेले असावेत, फॉर्मॅलिन या अवयव टिकवण्याच्या द्रावणातले नसावेत. फॉर्मॅलिनमधील फॉर्माल्डिहाइड मानवात कर्करोगकारक असल्याचे वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली केले. बंद खोलीत मुलांना त्याच्या वाफेत बसवण्याचे काहीच कारण नाही. शिवाय त्यात मुरलेला स्नायू ताठ होतो आणि दाबून फरक ओळखण्याचा सगळा भागच वाया जातो. हातमोजे लॅटेक्सऐवजी नायट्राइलचे असावेत, कारण काही मुलांना लॅटेक्सची ॲलर्जी असते. पहिला छेद मोठ्यांनी द्यावा आणि पुढे मुलांच्या हाती बोथट टोकाची कात्री असावी.

ज्या मुलांना विच्छेदन नको असेल त्यांनाही रक्ताभिसरण शिकता येते. विल्यम हार्वी या इंग्रज वैद्याने १६२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हाताच्या शिरांवरचा प्रयोग चित्रांसह दिला आहे आणि त्यात पाते लागत नाही. शिरा ठळक दिसणाऱ्या एखाद्या मोठ्या माणसाच्या दंडाला थोडा वेळ, फार न आवळता, पट्टी बांधायची. फुगलेल्या शिरेवर एक बोट दाबून धरायचे आणि दुसऱ्या बोटाने तेथून कोपराच्या दिशेने, वरच्या झडपेपलीकडे रक्त सरकवायचे. मधला भाग रिकामा राहतो, कारण झडप वरचे रक्त परत खाली येऊ देत नाही. खालचे बोट उचलले की तो तळहाताच्या बाजूने भरतो. रक्त एकाच दिशेने वाहते, हे चार शतकांपूर्वी याच रीतीने दाखवले गेले.

उत्तर (विज्ञान शिक्षिका, मुलांची शिबिरे घेणाऱ्या)

सरांच्या उत्तराशी मी सहमत आहे, पण माझा भर थोडा वेगळा आहे. कार्यक्रमपत्रिकेत विच्छेदन ठळक अक्षरांत असते आणि पालकही त्याकडेच पाहतात. मला मात्र त्या पत्रिकेत एक गोष्ट कुठेच दिसली नाही, ती म्हणजे मोजमाप. वैद्यकशास्त्राचा पाया काळजीपूर्वक मोजण्यात आणि प्रामाणिकपणे नोंदवण्यात आहे. हे शिकवायला महागडे साहित्य लागत नाही, आणि कदाचित म्हणूनच ते जाहिरातीत येत नाही.

नाडीचे उदाहरण घ्या. मनगटावर तर्जनी आणि मधले बोट ठेवायचे, अंगठा ठेवायचा नाही, कारण अंगठ्याची स्वतःची नाडी जाणवून मोजणी चुकू शकते. मी मुलांना आधी पंधरा सेकंद मोजून चारने गुणायला सांगते आणि मग पूर्ण मिनिट मोजायला सांगते. दोन्ही आकडे क्वचितच सारखे येतात. असे का, यावर चर्चा होते, आणि पंधरा सेकंदांत एका ठोक्याची चूक झाली तर मिनिटाच्या आकड्यात चारची चूक होते, हे कुणीतरी फळ्यावर मांडून दाखवते. मग एकाच मुलाची नाडी तीन जणांनी एकमेकांना न सांगता मोजायची आणि आकडे नंतर उघड करायचे. ते जुळले नाहीत तर कुणी खोडून जुळवायचे नाहीत. एका मुलाने एकदा मला विचारले होते, ‘मग खरा आकडा कोणता?’ या प्रश्नापर्यंत मूल पोहोचले, की त्या दिवशीचे माझे काम झाले असे मी समजते.

यानंतर जागेवर धावून नाडी दर मिनिटाला मोजायची आणि ती पूर्वपदावर कशी येते याचा आलेख काढायचा. नाडी मोजण्यासाठी खास मिनिटभर चालणारे घड्याळ जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने १७०७ साली मांडले. त्याआधी बोटांना जे जाणवे त्याचेच वर्णन अधिक होत असे. घड्याळ आल्यामुळे काय बदलले, हे मुलांना आलेख काढल्यावर जास्त चांगले उमगते.

स्पर्शाचा प्रयोग तर मुलांना फारच आवडतो. कागदाला लावायची तारेची क्लिप उघडून तिची दोन टोके जवळजवळ आणायची आणि डोळे मिटलेल्या मित्राच्या त्वचेवर हलकेच टेकवायची. टोके एक लागतात की दोन, एवढेच त्याने सांगायचे. बोटाच्या टोकावर दोन-तीन मिलिमीटरचे अंतरही ओळखता येते, तर पाठीवर तीन-चार सेंटीमीटर अंतर असूनही एकच टोक टेकल्यासारखे वाटते. त्वचा सगळीकडे सारखीच दिसत असताना असे का व्हावे, या प्रश्नावरून मज्जासंस्थेत शिरता येते. प्रतिक्रियेचा वेळ मोजण्यासाठी साधी मोजपट्टी पुरते. वरून सोडलेली पट्टी २० सेंटीमीटर घसरल्यावर पकडली तर सुमारे ०.२ सेकंद गेलेला असतो, आणि १५ सेंटीमीटरवर पकडली तर सुमारे ०.१७५ सेकंद. हा हिशेब मोठ्या मुलांकडून करून घेता येतो.

साथीचे रोग हा विषयही खोलीत बसून हाताळता येतो. लंडनमध्ये १८५४ साली पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली असताना डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यू कोणकोणत्या घरांत झाले याची नोंद केली आणि ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाकडे बोट दाखवले. मुलांना तो नकाशा उत्तर न सांगता द्यावा आणि कारण शोधायला सांगावे. त्याच परिसरातील मद्यनिर्मिती कारखान्याचे कामगार जवळपास सुटले, कारण ते त्या पंपाचे पाणी पीत नव्हते. हा अपवाद एखाद्या मुलाच्या लक्षात आला, की वर्गात जी खळबळ उडते ती पाहण्यासारखी असते.

एक कळकळीची सूचना. मोजमापाच्या नावाखाली मुलांचे वजन सर्वांसमोर घेणे किंवा शरीराची तुलना होईल असे आकडे फळ्यावर लिहिणे, हे कोणत्याही शिबिरात होऊ नये. नाडी आणि प्रतिक्रियेचा वेळ भरपूर झाला. पांढऱ्या कोटाबद्दल आणि प्रमाणपत्राबद्दल मला विशेष काही म्हणायचे नाही. त्यावर खर्च होणारा वेळ नोंदवहीला दिलेला बरा.

उत्तर (परिचारिका, प्रथमोपचार प्रशिक्षक)

आपल्या दुसऱ्या शंकेबद्दल लिहिते. यादीतील दोन उपक्रमांबाबत माझे मत ठाम आहे.

पहिला उपक्रम रक्तगट तपासणीचा. मुलांच्या बोटाला टोचून खऱ्या रक्ताची तपासणी शिबिरात करू नये, आणि संमतिपत्रात याला स्पष्ट नकार द्यावा. रक्तातून पसरणारे संसर्ग हे उघड कारण आहे. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, किमान सात दिवस संसर्गक्षम राहू शकतो. दुसरे कारण कमी बोलले जाते. रक्तगटावरून आईवडिलांविषयी निष्कर्ष काढता येतात, आणि आदल्या तासाला आनुवंशिकतेचा तक्ता शिकलेले मूल ते काढतेच. एखाद्या कुटुंबाने मुलाला योग्य वेळी सांगायची ठेवलेली गोष्ट शिबिराच्या टेबलावर उघड होणे योग्य नाही. शिवाय घाईत केलेल्या चाचणीचा चुकीचा गट मूल जन्मभर आपला म्हणून सांगत राहू शकते. कार्ल लँडस्टायनर यांचा रक्तगटांचा १९०१ सालचा शोध शिकवण्यासाठी खोटे रक्त पुरते. रंगवलेले द्रव आणि एकमेकांत मिसळल्यावर गुठळ्या होणारी निरुपद्रवी द्रावणे वापरून ‘कोणत्या रुग्णाला कोणाचे रक्त चालेल’ हे कोडे मुले तितक्याच तन्मयतेने सोडवतात.

दुसरा उपक्रम प्लास्टरचा. हा वाटतो तितका निरुपद्रवी नाही. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्याशी संयोग होऊन घट्ट होताना उष्णता बाहेर टाकते, आणि थर जाड असेल तर तापमान ६० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते. २००७ साली इंग्लंडमधील एका शाळेत कलेच्या तासाला एका सोळा वर्षांच्या मुलीने साचा करण्यासाठी दोन्ही हात प्लास्टरच्या बादलीत बुडवले. ते घट्ट झाल्यावर हात निघेनात, आणि भाजल्यामुळे तिला बहुतेक बोटे गमवावी लागली. शिबिरात ओल्या प्लास्टरच्या ढिगात हात घालण्याचा कोणताही प्रकार असेल, तर मुलीला तेथे पाठवू नये. रुग्णालयात वापरतात त्या प्लास्टरच्या पट्ट्या, खाली कापसाची गादी, गार पाणी, मोजके थर आणि हाताभोवती पूर्ण न गुंडाळता फक्त एका बाजूने घातलेली पट्टी, अशा पद्धतीने केल्यास हरकत नाही. पाणी जितके गरम तितके प्लास्टर लवकर बसते आणि अधिक तापते, हे आयोजकांना ठाऊक आहे का, ते विचारून पाहावे. पट्टी घट्ट होत असताना तिच्यावर टॉवेल गुंडाळून ठेवू नये, आणि गरम लागतेय असे मूल म्हणाले की ती तत्काळ काढावी.

टाक्यांचा सराव मला आवडतो. सिलिकॉनच्या गादीवर किंवा जाड फोमवर, वाकडी सुई बोटांत न धरता नीडल होल्डरने धरून तो करतात. गाठ फार आवळली तर कडा चुरगळतात आणि सैल सोडली तर फट राहते, हे मुलांना लगेच दिसते. जिवंत त्वचेत जास्त आवळल्याने कडांचा रक्तपुरवठा तुटतो, हे त्याच वेळी सांगावे. शस्त्रक्रियागृहात सुया सुरुवातीला आणि शेवटी मोजतात आणि हिशेब लागल्याशिवाय पुढे जात नाहीत. शिबिरातही तसेच करावे आणि मोजणीचे काम मुलांवर सोपवावे. सुई-कात्रीच्या वेळी पाच-सहा मुलांमागे एक प्रशिक्षित व्यक्ती असावी, असे मी सुचवेन.

आता सीपीआर. यादीतील सर्वांत मोलाचा भाग हाच आहे आणि बहुतेक ठिकाणी तो शेवटच्या दिवशी अर्ध्या तासात उरकला जातो. ‘किड्स सेव्ह लाइव्ह्ज’ या निवेदनाला जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली पाठिंबा दिला. शाळकरी मुलांना बाराव्या वर्षापासून, किंवा त्याआधीही, दरवर्षी दोन तास हे प्रशिक्षण द्यावे, अशी त्यात शिफारस आहे. प्रौढ व्यक्तीची छाती किमान पाच सेंटीमीटर, पण सहाहून अधिक नाही, आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबावी लागते. अकरा वर्षांच्या मुलीच्या अंगात तेवढा जोर बहुधा नसतो. साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी मुले मोठ्यांइतके दाबू शकतात. तरीही आपल्या मुलीला ते जरूर शिकवावे, कारण हाक मारणे, खांदा हलवणे, श्वास पाहणे, तातडीच्या सेवेला फोन करून नेमके ठिकाण सांगणे आणि मोठ्या माणसाला ‘इथे दाबा, थांबू नका’ असे सांगणे, यातले काहीही ताकदीवर अवलंबून नाही. खोटा फोन हातात घेऊन पत्ता सांगण्याचा सराव करून घेतात का, हे विचारावे. मुले घाबरल्यावर पहिल्यांदा पत्ताच विसरतात. छातीदाबनाचा सराव फक्त पुतळ्यावर करावा, जिवंत माणसावर कधीही नाही. बेशुद्ध पण श्वास चालू असलेल्या व्यक्तीला कुशीवर वळवण्याचा सराव मात्र मुले एकमेकांवर करू शकतात.

उत्तर (वैद्यकीय विद्यार्थी, शिबिरातील स्वयंसेवक)

शिक्षिकाबाईंनी पांढऱ्या कोटाला एका वाक्यात बाजूला सारले, तेथे माझा आदरपूर्वक मतभेद आहे. मी शिबिरांत मदत करतो. कोट अंगावर चढताच काही अबोल मुलांचा आवाज बदलतो आणि ती समोरच्या ‘रुग्णाला’ नाव विचारतात, कुठे दुखते हे विचारतात आणि उत्तर ऐकून घेतात. रुग्णाशी बोलणे हेही हाताने करायच्या कामाइतकेच कौशल्य आहे, आणि भूमिका दिल्याने ते मुलांना सोपे जाते. मात्र कोट पहिल्या दिवशी द्यावा आणि कामाला लावावा. शेवटच्या दिवशी केवळ छायाचित्रासाठी दिला, तर बाईंचे म्हणणेच खरे ठरते.

रेने लेनेक या फ्रेंच वैद्यांनी १८१६ साली पॅरिसमध्ये एका तरुण रुग्ण स्त्रीच्या छातीला थेट कान लावणे अवघड वाटल्याने कागदाची सुरळी करून तिच्यातून ठोके ऐकले, आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. आम्ही मुलांना आधी कागदाची सुरळी देतो, मग नळी आणि गाळणे जोडून करायला लावतो आणि शेवटी खरा स्टेथोस्कोप देतो. तिन्हींतून एकच हृदय ऐकले, की ‘लब-डब’ हा झडपा मिटण्याचा आवाज आहे हे सरांच्या पाण्याच्या प्रयोगाशी जोडून दाखवता येते. कानात घालायची टोके प्रत्येक मुलानंतर पुसावी लागतात, एवढेच पथ्य.

प्रश्नकर्तीची पुरवणी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रक्तगट तपासणीला मी नकार देणार आहे आणि प्लास्टरबाबत आयोजकांना आजच विचारते. आणखी दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. मुलीला कुतूहल असले, तरी लस घेताना तिला एकदा भोवळ आली होती. विच्छेदनाच्या वेळी तसे झाले तर? आणि नाडी किंवा रक्तदाब मोजताना तिचा आकडा वेगळा आला, तर ती घाबरून जाईल अशी मला भीती वाटते.

उत्तर (बालरोगतज्ज्ञ)

भोवळ येण्याचा आणि धैर्याचा संबंध नाही, हे तिला आधीच सांगून ठेवावे. रक्त किंवा सुई पाहून काही जणांची नाडी मंदावते, रक्तदाब एकाएकी उतरतो आणि मेंदूला रक्त कमी पडून शुद्ध हरपते. पुढे उत्तम शल्यविशारद झालेल्यांनाही विद्यार्थिदशेत असा अनुभव आलेला असतो. चेहरा पांढरा पडणे, घाम येणे, मळमळणे, कानांत आवाज घुमणे ही पूर्वसूचना असते. ती जाणवताच कुणाला न विचारता खाली बसायचे किंवा आडवे व्हायचे, एवढे तिला पक्के ठाऊक हवे. आडवे करून पाय थोडे उंच ठेवले, की बहुधा एक-दोन मिनिटांत बरे वाटते. उभ्याने कोसळून डोक्याला मार लागणे हाच यातला खरा धोका आहे, म्हणून विच्छेदन बसून करवावे आणि खोली कोंदट नसावी. पोटऱ्या, मांड्या आणि दंड यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद आवळून धरायचे, मग सैल सोडायचे आणि पुन्हा आवळायचे, अशी युक्ती तिला घरी शिकवता येईल. त्यामुळे रक्तदाब टिकून राहतो. तिची पूर्वीची भोवळ संमतिपत्रात जरूर लिहावी. जाताना पोट रिकामे नसावे. तिला मध्येच बाहेर यावेसे वाटले, तर कारण न सांगता येता येईल का, हे आयोजकांना विचारावे. या प्रश्नावर ते कसे उत्तर देतात, यावरून शिबिराची बरीच परीक्षा होते.

आकड्यांबद्दलची आपली भीती रास्त आहे. शाळकरी मुलांची नाडी मोठ्यांपेक्षा जलद असते आणि मिनिटाला ९० किंवा १०० ठोके असणे या वयात सर्वसामान्य आहे. ‘साठ ते शंभर’ हा मोठ्यांचा तक्ता भिंतीवर लावून मुलांची त्याच्याशी तुलना केली, तर निरोगी मूलही धास्तावते. श्वास आत घेताना नाडी किंचित जलद आणि सोडताना मंद होणे, हेही मुलांमध्ये नेहमीचे आहे. लक्ष देऊन मोजणारी मुलगी ते नेमके पकडेल आणि ठोके अनियमित आहेत असे समजेल, म्हणून शिक्षकांनी ते आधीच सांगावे. रक्तदाबाचा पट्टा मुलांच्या दंडाच्या मापाचा हवा. फार लहान पट्टा लावला तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो, आणि नवख्या ठिकाणच्या उत्साहात तो तसाही थोडा वाढतो. शिबिरातील कोणताही आकडा निदान नसतो, असे आयोजकांनी मुलांना स्पष्ट सांगावे. काही खरोखरच वेगळे आढळले, तर ते मुलांच्या घोळक्यात न बोलता फक्त पालकांना कळवावे, आणि तसा लेखी नियम त्यांच्याकडे असावा.

राहिला रुग्णालय भेटीचा मुद्दा, त्याबद्दल कुणी लिहिले नाही. वॉर्डात उपचार घेणारी माणसे मुलांना दाखवण्यासाठी नसतात. भेट प्रयोगशाळा, क्ष-किरण विभाग, निर्जंतुकीकरण कक्ष, रक्तपेढी अशा ठिकाणी असावी आणि कॅमेरा बाहेर ठेवावा. निर्जंतुकीकरण कक्ष मुलांना कंटाळवाणा वाटेल असा समज आहे, परंतु तेथे जाण्यापूर्वी त्यांना व्हिएन्नातील डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांची हकीकत सांगावी. १८४७ साली त्यांनी प्रसूतिविभागात येणाऱ्या डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांच्या आसपास असलेले बाळंतिणींचे मृत्यू काही महिन्यांत दोन टक्क्यांच्या जवळ आले, आणि तरीही त्यांच्या अनेक समकालीनांनी ते मानले नाही. मुलांच्या हातांना अतिनील प्रकाशात चमकणारी पावडर लावून हात धुवायला सांगितले आणि मग तो दिवा धरला, की अंगठ्याच्या मागे, नखांच्या कडेला आणि बोटांच्या बेचक्यांत ती चमकत राहिलेली दिसते. त्यानंतर तीच मुले वीस सेकंद पूर्ण हात धुतात, आणि घरी आल्यावर आपल्यालाही धुवायला लावतील, याची तयारी ठेवावी. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी या भेटीत मुले नेमक्या कोणत्या विभागांत जाणार आहेत, त्याची यादी मागून घ्यावी.